थोडं दुखणारच

मराठीत ‘पित्त’ हा शब्द जितका घरगुती तितकाच फसवा आहे. उन्हातून आल्यावर डोकं ठणकलं, लग्नात उशिरा जेवून छातीत जळजळलं, सकाळी तोंडाला कडू पाणी सुटलं, की आपण म्हणतो पित्त खवळलं. मग आमसुलाचं पाणी होतं, थंड दूध होतं, मेडिकलमधून एक गोळी येते. यातलं बहुतेक ‘पित्त’ म्हणजे जठरातलं आम्ल. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो दिवसाला अर्धा ते एक लिटर तयार होतो, पित्तनलिकेतून आतड्यात उतरतो आणि जेवणातली चरबी पचवायला मदत करतो. यकृताखालची पित्ताशयाची लहानशी पिशवी त्यातला काही रस साठवते, आटवते आणि जेवणानंतर पिळून सोडते.

खडे होतात ते याच पिशवीत. त्यांची कळ उजव्या बरगडीखाली उठते, पाठीत आणि खांद्यात जाते, आणि माणदेशातली एखादी बाई ती वर्षानुवर्षं ‘पित्त’ म्हणून काढते. शेवटी सोनोग्राफी होते, ऑपरेशन होतं. घरी आल्यावर शेजारीण विचारते, कशाचं ऑपरेशन? ‘पिशवीचं.’ ऐकणारीला वाटतं गर्भाशय काढलं, कारण गावाकडे नुसती ‘पिशवी’ म्हणजे गर्भपिशवी. चार वर्षांनी नवा डॉक्टर तोच प्रश्न विचारतो, त्याला तेच उत्तर मिळतं, आणि केसपेपरवर चुकीचीच नोंद होते.

शब्दांचा हा घोळ गमतीचा वाटला तरी त्याची किंमत मोठी आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या किंवा पित्तनलिकेतल्या उपचारानंतरच्या गुंतागुंती दुर्मीळ असतात, हे खरं आहे. पण त्या जिवावर बेततात तेव्हा दुर्मीळपणाइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा असतो तो पेशंटचं म्हणणं वेळेत ऐकलं न जाण्याचा. घरी गेलेला पेशंट सांगतो, ‘अजून दुखतंय.’ घरचे, औषधाच्या दुकानातला पोरगा, गावातला डॉक्टर, कधी कधी ऑपरेशन केलेल्या दवाखान्याचा फोन उचलणारा, सगळे एकच वाक्य म्हणतात : ऑपरेशन झालंय, थोडं दुखणारच. दहापैकी नऊ वेळा ते बरोबर असतं. हा लेख दहाव्या वेळेबद्दल आहे.

आधी या शस्त्रक्रियेला तिचं श्रेय दिलं पाहिजे. कार्ल लांगेनबुख या जर्मन सर्जननं 15 जुलै 1882 रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय काढलं. त्यानंतर शंभर वर्षं हे ऑपरेशन म्हणजे बरगडीखाली वीतभर चीर आणि आठ-दहा दिवसांची खाट असं समीकरण होतं. 1985 मध्ये जर्मनीतल्याच एरिख म्युहे यांनी ते दुर्बिणीतून केलं. भारतात 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं. तिथून दहा-वीस वर्षांत दुर्बीण साताऱ्या-सांगलीच्या जिल्हा ठिकाणी आणि पुढे तालुक्याच्या गावांतही पोचली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात शेतात. शेतमजुराच्या घराला हा फरक किती मोठा आहे हे वेगळं सांगायला नको. या लेखातून कुणी ‘ऑपरेशनच नको’ असा अर्थ काढला तर तो उलटा अर्थ होईल. त्रास देणारा खडा सरकून पित्तनलिकेत अडकला, स्वादुपिंडाला सूज आली, पित्ताशय सडलं, तर तो धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा.

आता गुंतागुंतींकडे येऊ. सर्वांत गंभीर म्हणजे मुख्य पित्तनलिकेला होणारी इजा. पित्ताशयाला जोडणारी एक बारीक नळी असते, ती चिमट्यानं बंद करून कापायची असते. तिच्या शेजारीच यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य नलिका असते, साधारण सहा मिलिमीटर रुंद, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक. जुन्या सुजेनं दोन्ही एकमेकींना चिकटल्या असल्या की मुख्य नलिकाच बारीक नळी समजून कापली जाऊ शकते. उघड्या शस्त्रक्रियेत हे हजारात एक-दोन वेळा व्हायचं, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारात साधारण तीन ते पाच वेळा होत आलं आहे.

अशी चूक करणारा सर्जन निष्काळजी असतो, असं आपण धरून चालतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे यांनी 2003 मध्ये अशा 252 इजांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातल्या 97 टक्के इजांचं मूळ दृष्टिभ्रमात सापडलं. हात घसरला नव्हता आणि ज्ञानही कमी नव्हतं. डोळ्यांनी एक नळी दुसरी म्हणून ओळखली आणि एकदा ओळख पटल्यावर मन तीच खरी मानून पुढे गेलं. रस्त्यात ओळखीचा समजून अनोळखी माणसाला हाक मारतो, तसं. फरक इतकाच की इथे चूक झाल्याचं सर्जनला त्याच वेळी बहुतेकदा कळत नाही. ऑपरेशन छान झालं असं तो नातेवाइकांना सांगतो आणि ते त्याला मनापासून वाटत असतं.

म्हणून स्टिव्हन स्ट्रासबर्ग या सर्जननं 1995 मध्ये एक शिस्त मांडली. पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, पूर्ण मोकळ्या दिसल्याशिवाय आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटल्याशिवाय काहीही कापायचं नाही. दिसत नसेल तर थांबायचं. पित्ताशयाचा काही भाग आत ठेवून बाहेर पडायचं, किंवा पोट उघडायचं. आपल्याकडे मात्र पोट उघडलं की बाहेर बाकावर बसलेली मंडळी म्हणतात, ‘दुर्बिणीतून जमलं नाही म्हणून फाडलं.’ तिथे सर्जननं सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय घेतलेला असतो आणि त्याच्या नावावर अपयश लागतं. पॅकेज ठरलेलं, दोन दिवसांत सुट्टी मिळेल असं सांगितलेलं, त्यामुळे न थांबण्याकडे ओढ वाढते. पेशंटच्या घरानं ही समजूत बदलली तर काही नलिका वाचतील.

बाकीच्या गुंतागुंती वेळेच्या क्रमानं पाहिल्या तर समजायला सोप्या जातात. पित्तनलिकेत अडकलेला खडा आता तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. या उपचारात नलिकेचं तोंड किंचित कापून मोठं करायची पद्धत 1974 मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये सुरू झाली. त्यानंतर पहिल्या दिवसातच शंभरातल्या तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची उतरते, थोड्यांची जीवघेणी ठरते. कापलेल्या जागी रक्तस्राव होणं त्याहून कमी, आतड्याला छिद्र पडणं शंभरात एकाहूनही कमी. पित्ताशय काढल्यावर पहिल्या आठवड्यात एखादा चिमटा निसटून पित्त पोटात झिरपू शकतं. पोट फुगतं, ताप येतो, नाडी जलद चालते. नलिका बंद झाली असेल तर काही दिवसांत कावीळ दिसू लागते. दोन-चार आठवड्यांनी, क्वचितच, इजा झालेल्या रोहिणीला फुगा येऊन तो पित्तमार्गात फुटतो : पोटात कळ, कावीळ आणि काळी शौच किंवा रक्ताची उलटी. या तीन खुणांचं त्रिकूट क्विंके या डॉक्टरनं 1871 मध्येच नोंदवलं होतं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, ऑपरेशनमध्ये पोटात सांडून राहिलेल्या खड्याभोवती पू होतो. लावलेला धातूचा चिमटा सरकत नलिकेत शिरतो आणि त्याच्याभोवती नवा खडा धरतो. इजा झालेली नलिका आक्रसत जाऊन यकृत निकामी करते.

या यादीत एक गुंतागुंत अशी आहे की तिला दुर्मीळ म्हणायची लाज वाटावी, कारण ती सर्वस्वी टाळता येते. ती म्हणजे विसरलेली नळी. खडा काढल्यावर किंवा गळती थांबवण्यासाठी नलिकेत प्लास्टिकची स्टेंट घालतात. ती साधारण तीन महिन्यांत काढायची किंवा बदलायची असते, कारण नंतर ती गाळानं तुंबते. पेशंट तेव्हा गुंगीत असतो. नातेवाइकाला ‘नळी टाकलीय’ एवढं कळतं. त्रास थांबला की ऊसतोड सुरू होते, पोरीचं लग्न निघतं, पुण्याची खेप लांबते. वर्ष-दोन वर्षांनी थंडी वाजून ताप येतो आणि नळीवरच खडा साचलेला दिसतो. इथे शरीर चुकलं नाही, सर्जनही चुकला नाही, चुकलं ते स्मरण. पेशंटला नळीची मुदत विमा हप्त्यासारखी तारखेनिशी कळवायला हवी होती.

आणि कावीळ? ती तर आपल्या घरातली ओळखीची पाहुणी. डोळे पिवळे झाले की गावात ‘काविळीचं औषध’ देणारा माणूस ठरलेला असतो. गळ्यात माळ पडते, नाकात पाल्याचा रस टाकतात, दंडावर डाग देतात. आणि उसाच्या मुलखात उसाचा रस तर हाताशीच. विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, म्हणून माळेला यश मिळत आलं आहे. पण ऑपरेशननंतरची कावीळ वेगळी. लघवी चहासारखी, शौच मातकट पांढरी, अंगाला अनावर खाज. नळ बंद आहे आणि पाणी मागं तुंबतंय, याचा तो निरोप असतो. माळ वाढेपर्यंत थांबलं की तीन आठवडे हातचे जातात.

‘दुर्मीळ’ या शब्दाचं गणित इथे नीट मांडून पाहण्यासारखं आहे. अडीचशे ऑपरेशनांत एकदा नलिकेची इजा होते असं धरू. वर्षाला अडीचशे पित्ताशयं काढणाऱ्या मोठ्या केंद्राला ती वर्षातून एकदा भेटेल. वर्षाला तीस काढणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्याला ती आठ वर्षांतून एकदा भेटेल. म्हणजे जी गोष्ट पेशंटच्या दृष्टीनं दिलाशाची, तीच लहान दवाखान्याच्या दृष्टीनं धोक्याची, कारण आठ वर्षांतून एकदा दिसणारी गोष्ट ओळखायची सवय कुणाला असणार? डॉक्टरचं मन, कुणाही माणसाच्या मनासारखं, आधी नेहमीचं कारण शोधतं. गॅस असेल, टाके ओढत असतील. गुंतागुंत जितकी विरळ, तितकी ती चुकीच्या नावानं जास्त दिवस जगते.

ओळखल्यावर पुढचा प्रश्न : दुरुस्त कुणी करायचं? स्टीवर्ट आणि वे यांच्या 1995 च्या अभ्यासात मूळ सर्जननंच इजेची दुरुस्ती केली तेव्हा यश 17 टक्के होतं, आणि याच कामात मुरलेल्या सर्जननं केली तेव्हा 94 टक्के. इतकी तफावत वैद्यकात क्वचितच दिसते. अँथनी ईडन यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असताना एप्रिल 1953 मध्ये लंडनमध्ये त्यांचं पित्ताशय काढताना पित्तनलिका कापली गेली. दुसरं ऑपरेशनही पुरतं जमलं नाही. मग त्यांना अटलांटिक ओलांडून बोस्टनला नेलं आणि या विषयातले जाणकार रिचर्ड कॅटेल यांनी नलिका जोडली. पुढे ते पंतप्रधान झाले, 1956 च्या सुएझ संकटात मधूनच तापानं फणफणले, आणि हे दुखणं आयुष्यभर त्यांच्या सोबत राहिलं. तरी ते 1977 पर्यंत जगले, कारण त्यांना वेळेत योग्य हाताकडे पाठवलं गेलं.

योग्य हाताकडे जाणं सातारा-सांगलीच्या मुलखाला नवं नाही. विल्यम वानलेस या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरनं 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, आणि ‘मिरजेला न्या’ हे शब्द दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात शेवटच्या आशेसारखे उच्चारले जाऊ लागले. 1962 मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय आहे. पुणे साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर आहे. म्हणजे वाट आहे. अडतं ते पाठवण्याच्या रीतीत. ‘पेशंट पुण्याला हलवा’ हे वाक्य रात्री दोन वाजता, हातात एक तुटक चिठ्ठी देऊन म्हटलं जातं. काय कापलं, चिमटे किती लावले, काय दिसलं नाही, हे त्या चिठ्ठीवर नसतं. पुढच्या सर्जनला सगळ्यांत जास्त गरज असते ती याच माहितीची.

कायदा याबाबत काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयानं 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात संमतीचे निकष घालून दिले. उपचाराचं स्वरूप, फायदा, मोठे धोके आणि पर्याय सांगितले पाहिजेत. पण दूरचे, निव्वळ शक्यतेतले धोके सांगायलाच हवेत असं नाही, कारण त्यानं पेशंट घाबरून गरजेचा उपचारच नाकारेल. व्यवहाराला धरून आहे हे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुणाला रोहिणीच्या फुग्याची कथा ऐकवून काय साधणार?

पण याच्या शेजारी 2010 चा दुसरा निकाल ठेवा. गोव्यातल्या एका परिचारिकेवर 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. 2002 मध्ये दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी तिच्या पोटात गॉज सापडल्याचं तिचं म्हणणं होतं. तिनं 2004 मध्ये तक्रार केली. मधली नऊ वर्षं ती वेदनाशामक गोळ्या घेत होती. न्यायालय म्हणालं, एवढी वर्षं दुखत होतं तर तिनं, विशेषतः परिचारिका असताना, आधीच तपासण्या करून घ्यायला हव्या होत्या. तक्रार मुदतबाह्य ठरली. हलगर्जी झाली होती की नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत तपासलाच गेला नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की पेच दिसतो. ऑपरेशनआधी दुर्मीळ धोके सांगायची सक्ती नाही, आणि ऑपरेशननंतर मात्र त्या धोक्यांबद्दल सावध राहायची अपेक्षा पेशंटकडूनच आहे. जे कुणी सांगितलं नाही त्याची वाट पाहायची. रुग्णालयात वावरणाऱ्या परिचारिकेला जे उमगलं नाही ते आटपाडीच्या शेतकरणीला कसं उमगावं?

माझ्या मते यातून वाट निघते ती जागा बदलून. दुर्मीळ गुंतागुंतींची खरी जागा संमतिपत्रावर नाही, डिस्चार्ज कार्डावर आहे. आधी टक्केवारी सांगितली तर माणूस घाबरतो, नंतर लक्षणं सांगितली तर तो वाचतो. संमतिपत्रावरची सही दवाखान्याला सांभाळते, कार्डावरची चार वाक्यं पेशंटला सांभाळतील. ताप, वाढतं दुखणं, पिवळे डोळे, काळी शौच : यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी या. नळी घातली आहे, अमुक तारखेला काढायची आहे. काढलं ते पित्ताशय, गर्भाशय नव्हे. आणि एक फोन नंबर, जो उचलणाऱ्याला ‘थोडं दुखणारच’ म्हणायची मुभा नाही. हे मराठीत, ठसठशीत, आणि सुनेला वाचता येईल अशा अक्षरात. आज त्या कार्डावर गोळ्यांची नावं असतात आणि ‘रिपीट एसओएस’.

डॉक्टरांची बाजू इथे ऐकली पाहिजे. ते म्हणतात, असं लिहून देणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं. पेशंट दगावला की जमाव येतो, काचा फुटतात. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. ही भीती खरी आहे, आणि तिचं एक फळ तुटक चिठ्ठी हे आहे. वाईट परिणाम झाला म्हणजे हलगर्जी झाली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट केलं आहे. समाजानंही ते मान्य केलं पाहिजे. गुंतागुंत हा गुन्हा मानला की डॉक्टर ती लपवणार, आणि लपवलेली गुंतागुंत पाचव्या दिवशी सुटण्याऐवजी पंचविसाव्या दिवशी उघडी पडते. पण हाच युक्तिवाद उलटाही लागू होतो. गुंतागुंत क्षम्य आहे, तिचा पाठपुरावा न करणं क्षम्य नाही. मुख्य नलिका कापली गेली यासाठी मी सर्जनला दोष देणार नाही. सहाव्या दिवशी फुगलेलं पोट घेऊन आलेल्या बाईला न तपासता गोळी देऊन परत पाठवलं, तर देईन.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. 2011 च्या जनगणनेनुसार सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून लोकसंख्या 58 लाखांच्या वर होती. या पट्ट्यात उसाचा उतारा दशांशापर्यंत मोजतात आणि त्यावरून आंदोलनं होतात. संकलन केंद्रावर लिटरभर दुधाचं फॅट काढून वहीत लिहितात. पण किती पित्ताशयं काढली, किती नलिका इजा पावल्या, किती नळ्या काढायच्या राहिल्या, याची सक्तीची नोंद कुठे होत नाही. स्वीडननं 2005 पासून पित्ताशयाच्या ऑपरेशनांची आणि पित्तनलिकेतल्या उपचारांची देशव्यापी नोंदवही ठेवली आहे. आपल्याला हे अशक्य आहे असं नाही. आपण प्रत्येक मातामृत्यूचं जिल्हा पातळीवर अन्वेषण करतो, कुणाला फासावर देण्यासाठी नव्हे, तर पुढची आई वाचावी म्हणून. तीच पद्धत पित्तनलिकेला लावता येईल. नावं झाकून जिल्ह्यातल्या सर्जनांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावं. तालुक्याच्या दवाखान्याला आठ वर्षांतून एकदा दिसणारी गोष्ट सगळ्यांच्या मिळून अनुभवात मग दर काही आठवड्यांनी येईल, आणि ती ओळखायची सवय लागेल.

नोंदवही यायला वर्षं लागतील. डिस्चार्ज कार्ड बदलायला एक छापखाना पुरे. आणि त्याहूनही आधी, उद्यापासून करता येण्यासारखं काम एका सिस्टरचं आणि एका फोनचं आहे. पाचव्या दिवशी दवाखान्यातून पेशंटच्या घरी फोन जावा. पलीकडून ‘अजून दुखतंय’ आलं, तर लगेच धीर देऊन फोन ठेवू नये. विचारावं : कुठं दुखतंय, कालच्यापेक्षा जास्त की कमी, ताप आहे का, आणि आज सकाळी लघवीचा रंग कसा होता?